'टेरिटरीज'च्या आधी 'द' नाही : सुरक्षा परिषदेच्या ठराव २४२चे व्याकरण

२२ नोव्हेंबर १९६७ रोजी न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक २४२ मंजूर केला. पंधराच्या पंधरा सदस्यांनी बाजूने मत दिले. त्यांत अमेरिका होती, सोव्हिएत संघ होता आणि त्या काळात परिषदेचा सदस्य असलेला भारतही होता. एवढे एकमत झाले, पण त्याच बैठकीत एका कलमाच्या अर्थावरून दोन तट पडले आणि ते आजपर्यंत मिटलेले नाहीत. ते कलम असे: 'विथड्रॉअल ऑफ इस्रायल आर्म्ड फोर्सेस फ्रॉम टेरिटरीज ऑक्युपाइड इन द रीसेंट कॉन्फ्लिक्ट'. म्हणजे, नुकत्याच झालेल्या संघर्षात व्यापलेल्या प्रदेशांतून इस्रायलच्या सैन्याची माघार. 'कॉन्फ्लिक्ट'च्या आधी 'द' आहे, 'टेरिटरीज'च्या आधी काहीच नाही. सगळा वाद त्या जागेचा आहे.

मराठीत हे कलम वाचताना आपण कुठेही अडखळत नाही. 'व्यापलेल्या प्रदेशांतून' म्हटले की सगळ्याच प्रदेशांतून, असे आपण धरून चालतो. कोणी हटकून विचारलेच, तर 'सगळ्या' किंवा 'काही' हा शब्द घालून मोकळे होतो. इंग्रजीत मात्र नामाच्या आधी काय आहे आणि काय नाही, हे वाचणारा प्रत्येक वेळी पाहतो. आपल्या शाळांत आर्टिकल शिकवले जाते ते गाळलेल्या जागा भरा म्हणून, एका गुणाच्या प्रश्नापुरते. त्यामुळे जागा रिकामी ठेवणे हेही एक उत्तर असते आणि त्यालाही अर्थ असतो, हे मनावर ठसतच नाही. ते ठसवायला मला या ठरावाइतके चांगले उदाहरण दुसरे माहीत नाही.

आधी प्रसंग थोडक्यात. ५ ते १० जून १९६७ या सहा दिवसांच्या युद्धात इस्रायलने इजिप्तकडून सिनाईचे वाळवंट आणि गाझा पट्टी घेतली, जॉर्डनकडून पूर्व जेरुसलेमसह पश्चिम किनारा आणि सीरियाकडून गोलन टेकड्या. गाझात तैनात असलेल्या शांतिसेनेतले भारतीय जवानही या युद्धात बळी पडले, त्यामुळे दिल्लीसाठी हा दूरदेशीचा मामला राहिलेला नव्हता. पुढचे पाच महिने संयुक्त राष्ट्रांत मसुद्यांवर मसुदे आले. जुलैमध्ये आमसभेत लॅटिन अमेरिकी देशांनी मांडलेल्या मसुद्यात 'फ्रॉम ऑल द टेरिटरीज' अशी स्पष्ट भाषा होती. त्याला बहुमत मिळाले, पण लागणारी दोन-तृतीयांश मते मिळाली नाहीत.

नोव्हेंबरमध्ये विषय सुरक्षा परिषदेत आला, तेव्हा टेबलावर एकाच कलमाची चार रूपे होती. इंग्रजी शिकणाऱ्याने ती एकाखाली एक लिहून काढावीत.

भारत, माली आणि नायजेरिया यांच्या संयुक्त मसुद्यात होते 'ऑल द टेरिटरीज ऑक्युपाइड ॲज अ रिझल्ट ऑफ द रीसेंट कॉन्फ्लिक्ट'. इथे 'द' आहे आणि त्याच्यावर 'ऑल'चा शिक्काही आहे. शंकेला जागाच नाही. अमेरिकेच्या मसुद्यात होते 'विथड्रॉअल ऑफ आर्म्ड फोर्सेस फ्रॉम ऑक्युपाइड टेरिटरीज'. कोणाचे सैन्य, कोणत्या युद्धात व्यापलेले प्रदेश, काहीच बांधलेले नाही. सोव्हिएत मसुद्याने हा पेच टाळून तारखेचा आधार घेतला: सैन्ये ५ जूनपूर्वीच्या जागी जावीत. चौथा मसुदा ब्रिटनचा, १६ नोव्हेंबरला आलेला, राजदूत लॉर्ड कॅराडन यांचा. हे गृहस्थ मूळचे ह्यू फूट. ब्रिटिश अंमल असताना त्यांनी पॅलेस्टाइनमध्ये नोकरी केली होती आणि पुढे सायप्रसचे शेवटचे ब्रिटिश गव्हर्नर होते. शब्दांनी काय होते, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी अमेरिकी मसुद्यापेक्षा जास्त बांधले, म्हणजे सैन्य इस्रायलचे आणि संघर्ष नुकताच झालेला. भारतीय मसुद्यापेक्षा मात्र कमी बांधले. 'ऑल' गेला आणि 'द'ही गेला. हाच मसुदा मतास आला आणि मंजूर झाला.

आता 'द' नसल्याने नेमके काय बदलते? आपल्याकडच्या अनेक पुस्तकांत एक नियम असतो: नामाला पुढे काही वर्णन जोडून ते विशिष्ट केले असेल, तर त्याआधी 'द' लावा. या नियमाने पाहिले, तर 'ऑक्युपाइड इन द रीसेंट कॉन्फ्लिक्ट' असे वर्णन जोडलेल्या 'टेरिटरीज'ला 'द' हवाच होता आणि ब्रिटिश राजदूताचे इंग्रजी चुकले, असे म्हणावे लागेल. चूक नियमाच्या मांडणीत आहे. पुढचे वर्णन फक्त गट लहान करते. जगातल्या सगळ्या प्रदेशांपैकी फक्त त्या संघर्षात व्यापलेल्यांचा गट उरतो. त्या गटातले सगळे घ्यायचे की नाही, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो 'द' सोडवतो. 'आय हॅव लॉस्ट बुक्स यू गेव्ह मी' आणि 'आय हॅव लॉस्ट द बुक्स यू गेव्ह मी' ही दोन वाक्ये पाहा. मराठीत दोन्हींसाठी 'तू दिलेली पुस्तके माझ्याकडून हरवली' असेच म्हणू. इंग्रजीत दुसऱ्या वाक्याने दिलेली सगळी पुस्तके गेली. पहिल्याने काही गेली, किती ते वाक्य सांगत नाही. अनेकवचनी नामाला लागलेला 'द' त्या गटाला पूर्णत्व देतो, आणि हे काम आपल्या वर्गांतून सगळ्यात कमी शिकवले जाते. 'द' म्हणजे 'तो, ती, ते' एवढेच सांगून आपण पुढे जातो.

म्हणून 'द नाही, म्हणजे फक्त काही प्रदेश' असा निकाल लावायचा का? नाही, आणि इथे प्रकरण खरे रंगते. उघडे अनेकवचन, म्हणजे आधी काहीच नसलेले अनेकवचनी नाम, इंग्रजीत दोन तऱ्हांनी चालते. घडलेली किंवा घडायची एखादी गोष्ट सांगताना ते 'काही' या अर्थाकडे झुकते, जसे वरच्या हरवलेल्या पुस्तकांत. नियम, तत्त्व किंवा सूचना सांगताना तेच अनेकवचन 'सगळे' या अर्थाकडे झुकते. स्टेशनवर 'पॅसेंजर्स ट्रॅव्हलिंग विदाउट टिकिट्स विल बी फाइन्ड' असा फलक लावला, तर कोणीही प्रवासी तपासनिसाला सांगू शकणार नाही की फलकावर 'द' नाही, म्हणून दंड काही प्रवाशांनाच आहे, मला नाही. तिथे 'पॅसेंजर्स' म्हणजे विनातिकीट प्रवास करणारे सगळेच.

मग ठराव २४२मधले माघारीचे कलम घटना आहे की तत्त्व? ठरावाचा मजकूर स्वतः म्हणतो की पुढे दिलेली दोन 'प्रिन्सिपल्स' लागू व्हावीत, आणि माघार हे त्यांतले पहिले. या अंगाने पाहिले तर फलकाचा नियम लागू पडतो. दुसऱ्या बाजूने, हे तत्त्व एकाच युद्धाबद्दल, मोजून ठराविक भूभागांबद्दल आहे. जे भूभाग नकाशावर बोट ठेवून दाखवता येतात, त्यांच्याबद्दल बोलताना इंग्रजी माणूस सहसा 'द' वापरतो, आणि न वापरल्यास ऐकणाऱ्याचे कान टवकारतात.

पुरावा हवा असेल तर ठरावातच शोधावा, बाहेर जायची गरज नाही. मला हा भाग फार आवडतो, कारण एवढ्याशा मजकुरात आर्टिकलचे जवळजवळ सगळे खेळ आहेत. त्याच माघारीच्या कलमात 'इस्रायल आर्म्ड फोर्सेस'च्या आधीही 'द' नाही. इस्रायलच्या सैन्यातल्या काही तुकड्याच मागे जाव्यात, बाकीच्या राहाव्यात, असा अर्थ कोणी काढल्याचे मी वाचलेले नाही. पुढे 'इंटरनॅशनल वॉटरवेज इन द एरिया' यांतून जहाजांना मोकळेपणाने जाता यावे, असे आहे. तिथेही उघडे अनेकवचन आहे, पुढे वर्णनही आहे, आणि अर्थ निःसंशय 'सगळे जलमार्ग' असा घेतला जातो. ही दोन उदाहरणे संपूर्ण माघारीच्या बाजूची. पण लगेच पुढे 'डिमिलिटराइज्ड झोन्स' स्थापन करण्याची गोष्ट येते, तेही उघडे अनेकवचन, आणि तिथे अर्थ 'काही निर्लष्करी पट्टे' एवढाच होऊ शकतो, कारण ते अजून अस्तित्वातच नव्हते. शिवाय माघारीच्या कलमाला लागूनच जे दुसरे तत्त्व येते, त्याची सुरुवात आहे 'टर्मिनेशन ऑफ ऑल क्लेम्स'. तिथे मसुदा लिहिणाऱ्याला 'ऑल' सुचला, वरच्या ओळीत का नाही? हे इस्रायलच्या बाजूचे उदाहरण. एकाच पानावर दोन्ही पक्षांना साक्षीदार मिळतात.

'पीस' या शब्दाचेही तिथेच पाहून घ्यावे. 'पीस' मोजता न येणारे नाम, त्यामुळे 'अ पीस' चूक, असे आपण शिकलो. ठरावात 'लिव्ह इन पीस' असे आहे, आर्टिकलशिवाय, नियमाप्रमाणे. पण 'अ जस्ट अँड लास्टिंग पीस' असेही आहे, आणि तेही बरोबर आहे. विशेषणे लागून शांततेचा एक विशिष्ट प्रकार डोळ्यांपुढे आला की 'अ' येतो: न्याय्य आणि टिकाऊ अशी एक शांतता. 'द रेफ्युजी प्रॉब्लेम'ला 'द' आहे, कारण कोणता निर्वासितांचा प्रश्न हे सभागृहात सर्वांना ठाऊक होते. त्याच्या 'सेटलमेंट'ला 'अ' आहे, कारण ते उत्तर अजून सापडायचे होते. इतक्या काटेकोरपणे आर्टिकल ठेवणाऱ्याच्या हातून 'टेरिटरीज'चे 'द' निसटले असेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

बैठकीतल्या लोकांचाही बसला नव्हता. मतदानाआधी भारताचे प्रतिनिधी जी. पार्थसारथी यांनी आपली समजूत नोंदवली: हा ठराव मंजूर झाल्यास परिषद सर्व प्रदेशांतून, पुन्हा सांगतो, सर्व प्रदेशांतून इस्रायली सैन्याच्या संपूर्ण माघारीच्या तत्त्वाला बांधली जाईल. हे विधान मला या प्रकरणात फार मोलाचे वाटते. ज्यांच्या स्वतःच्या मसुद्यात 'ऑल द' होते आणि ज्यांनी तो मसुदा रेटला नाही, त्यांना नव्या मसुद्यातली रिकामी जागा नीट दिसली होती. ती शब्दांत भरता येत नाही म्हटल्यावर त्यांनी ती इतिवृत्तात भरून ठेवली. सोव्हिएत प्रतिनिधी वासिली कुझ्नेत्सोव यांनी भारताने लावलेला अर्थच आपल्याला मान्य असल्याचे सांगून मत दिले. यावर लॉर्ड कॅराडन यांचा पवित्रा असा: प्रत्येक देश आपापल्या वतीने बोलायला मोकळा आहे, पण आपल्या सर्वांना बांधणारा आहे तो फक्त ठराव, आणि त्याचे शब्द स्पष्ट आहेत. इस्रायलचे परराष्ट्रमंत्री अब्बा इबान, केंब्रिजमध्ये शिकलेले, तेही याच मुद्द्यावर उभे राहिले: ठरावात जे आहे ते आहे, जे म्हणायचे जाणूनबुजून टाळले ते त्यात नाही.

इबान यांचा युक्तिवाद व्याकरणाच्या भाषेत मांडायचा तर असा. कार्यालयात साहेबांनी दहा फायली मागितल्या आणि तुम्ही उत्तर लिहिले, 'आय हॅव सेंट फाइल्स यू आस्क्ड फॉर'. वाक्य खोटे नाही, दहाही पाठवल्या असतील तरी ते खरेच आहे. पण साहेब लगेच विचारणार, बाकीच्यांचे काय? कारण दहाही पाठवल्या असत्या तर तुम्ही 'द फाइल्स' लिहिले असते. जास्त सांगणारा शब्द हाताशी असताना कमी सांगणारा वापरला, की ऐकणारा फरक भरून घेतो. हा अर्थ वाक्यात नसतो, तो न वापरलेल्या शब्दामुळे येतो. ठराव २४२च्या बाबतीत न वापरलेला शब्द कोणाच्या कल्पनेतला नव्हता. तो भारताच्या मसुद्यात छापलेला होता. १९७०मध्ये ब्रिटनचे माजी परराष्ट्रमंत्री जॉर्ज ब्राऊन यांनी 'द' नाही, म्हणजे सगळ्या प्रदेशांतून माघार नाही, असे सरळ सांगितले. अमेरिकेचे त्या वेळचे राजदूत आर्थर गोल्डबर्ग यांनीही 'द' आणि 'ऑल' यांचे गळणे नजरेत भरण्यासारखे आहे, असे म्हटले. त्या वेळचे अमेरिकी परराष्ट्रमंत्री डीन रस्क यांनी आत्मचरित्रात लिहिले की पश्चिम किनाऱ्यालगतची सीमा थोडी सरळ करून घेता यावी, म्हणून ही भाषा मुद्दाम जराशी मोघम ठेवली होती. पण रस्क जे सांगतात ते किरकोळ फेरबदलांबद्दल आहे, आणि ब्राऊन यांच्या वाक्यातून अनेकांनी काढलेला अर्थ त्याहून पुष्कळ मोठा. हा फरक वादात हरवून जातो, आणि तो हरवू नये असे मला वाटते.

इंग्रजीपुरतेच पाहिले असते तर प्रकरण इथे थांबले असते. ठरावाला फ्रेंच पाठही आहे, आणि त्या वेळी सुरक्षा परिषदेच्या कामकाजाच्या भाषा इंग्रजी आणि फ्रेंच याच होत्या. फ्रेंच पाठात 'दे तेरितुआर ओक्युपे' आहे. हे 'दे' म्हणजे 'पासून' दाखवणारा शब्द आणि अनेकवचनी निश्चित आर्टिकल यांचे एकत्र झालेले रूप, म्हणजे इंग्रजीतल्या 'फ्रॉम द'च्या जवळचे. फ्रेंचमध्ये अनिश्चित अनेकवचनाचे आर्टिकलही 'दे'च दिसते, म्हणून काही जण इथे संदिग्धता शोधतात. पण 'पासून'च्या शब्दानंतर ते अनिश्चित आर्टिकल फ्रेंचमध्ये गळून पडते. त्यामुळे इथे उरलेले 'दे' निश्चितच आहे. फ्रान्सचे प्रतिनिधी आर्मां बेरार यांनी त्याच दिवशी याकडे लक्ष वेधले. याला दिले जाणारे उत्तर असे की वाटाघाटी इंग्रजी मसुद्यावर झाल्या, फ्रेंच हे भाषांतर, आणि फ्रेंच भाषा नामाला सहसा उघडे ठेवतच नाही. रशियन पाठाकडून तर अपेक्षाच नको, रशियनमध्ये मराठीसारखीच आर्टिकले नाहीत. कुझ्नेत्सोव यांच्या भाषेत हा वाद लिहून दाखवताही आला नसता.

माझे मत द्यायचे तर, व्याकरणाच्या जोरावर दोन्ही टोकांचे दावे टिकत नाहीत. 'द नाही म्हणून सगळे प्रदेश नाहीत' हे इंग्रजी वाक्यातून निघत नाही. तो मसुद्यांच्या इतिहासावरून काढलेला अंदाज आहे, भक्कम असला तरी अंदाजच. 'वर्णन जोडलेले आहे म्हणून सगळेच प्रदेश' हेही निघत नाही. इंग्रजी कलम प्रश्न मोकळा ठेवते. तो मोकळा राहिल्यावर मग ठरावाच्या प्रस्तावनेकडे जायला हवे. तिथे 'द इनॲडमिसिबिलिटी ऑफ द ॲक्विझिशन ऑफ टेरिटरी बाय वॉर' आहे: युद्धाने भूभाग मिळवणे अमान्य. इथे 'टेरिटरी' एकवचनी आणि मोजता न येणारे, 'वॉर'ही तसेच. आर्टिकल नाही, म्हणून अर्थ सर्वव्यापी: कुठलाही भूभाग, कुठल्याही युद्धाने. ज्या भाषेत आर्टिकल नसण्याने एका ओळीत मर्यादा येते असे म्हटले जाते, त्याच भाषेत आर्टिकल नसण्यानेच वरच्या ओळीत मर्यादा पुसली जाते. या प्रस्तावनेचे वजन मला कलमातल्या मौनापेक्षा जास्त वाटते. मोघमपणाचा उपयोग सीमा सरळ करण्यापुरता असेल, तर तो प्रस्तावनेशी कसाबसा जुळतो. त्याहून मोठा नाही.

१९७३च्या युद्धात ठराव ३३८ आला आणि त्याने २४२ची अंमलबजावणी करायला सांगितली, पण ही जागा भरली नाही. १९७९च्या तहानंतर एप्रिल १९८२पर्यंत इस्रायलने सिनाई इजिप्तला परत केले. क्षेत्रफळ पाहिले तर व्यापलेल्या भूमीचा सुमारे नऊ-दशांश भाग त्यात गेला, आणि 'प्रदेशांतून' माघार झाली, असे इस्रायलच्या बाजूने सांगितले गेले. सीरियाला आणि पॅलेस्टिनींना त्या हिशेबाने काहीच मिळत नव्हते, कारण गोलन सिनाईत नव्हते आणि पश्चिम किनाराही नव्हता.

मराठीतून इंग्रजीत कायदेशीर मजकूर नेणाऱ्यांनी हे प्रकरण स्वतःच्या टेबलावर आणून पाहावे. भाडेकराराचे एक वाक्य घ्या: 'मुदत संपल्यावर मालकाने दिलेल्या चाव्या भाडेकरूने परत कराव्यात.' घाईत केलेले भाषांतर 'द टेनंट शॅल रिटर्न कीज गिव्हन बाय द ओनर' असे होते. वाक्य व्याकरणशुद्ध आहे, आणि करार हा नियमच असल्यामुळे 'सगळ्या चाव्या' असा अर्थ लावता येईलही. पण लावता येणे आणि लिहिलेले असणे यांत ठराव २४२एवढे अंतर आहे. एक चावी भाडेकरूकडे राहिली आणि त्याने करार पुढे केला, तर मालकाच्या वकिलाला आधी इंग्रजी व्याकरण शिकवावे लागेल. 'द कीज' लिहिले की ते टळते. 'ऑल द कीज' लिहून खाली परिशिष्टात चाव्यांची संख्या दिली, तर आणखी बरे. मूळ मराठी वाक्यातून अर्थ स्पष्ट होत नसेल, तर भाषांतरकाराने अंदाजाने आर्टिकल न लावता आधी पक्षकाराला विचारावे: सगळ्या, की काही? आणि जे उत्तर येईल, ते मराठी प्रतीतही लिहून घ्यावे.